एका महागड्या हार्ड डिस्कपेक्षा दोन साध्या

हार्ड डिस्क घ्यायची म्हटले की सोलापुरात पहिला प्रश्न ठरलेला असतो : कंपनी कोणती चांगली? लग्नसराईत हजारो छायाचित्रे काढणारा स्टुडिओवाला हेच विचारतो, पंधरा-वीस व्यापाऱ्यांचा टॅलीचा डेटा सांभाळणारा कर सल्लागार हेच विचारतो, आणि नातवाच्या बारशापासूनचे व्हिडिओ मोबाइलमधून काढून कुठेतरी नीट ठेवू पाहणारे निवृत्त शिक्षकही हेच विचारतात. प्रश्न गैर नाही, पण तो पहिला नव्हे. आपल्याजवळ जपण्यासारखे नेमके काय आहे, ते किती आहे आणि ते कोणकोणत्या वाटांनी नाहीसे होऊ शकते, ही तीन उत्तरे हाताशी आल्यावर कंपनीचा प्रश्न बराच लहान होतो, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

हे मत बनले ते पूर्व भागातल्या एका चादर कारखान्यात. तिथे एका लोखंडी पेटीत जेकार्ड, म्हणजे विणीतच नक्षी असलेल्या चादरींच्या जुन्या डिझाइनचे आलेख कागद आहेत. चौकटी-चौकटींच्या कागदावर रंगीत पेन्सिलीने भरलेले मोर, वेलबुट्ट्या आणि काठ. एकेक चौकट म्हणजे ताण्याबाण्याची एकेक गाठभेट. पूर्वी या कागदावरून पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोके पाडत आणि त्या पत्त्यांची माळ मागावर चढवत. आता इलेक्ट्रॉनिक जेकार्डला थेट फाइल दिली जाते. त्यामुळे पत्ते केव्हाच रद्दीत गेले, कागद मात्र उरले. त्यांच्या कडा वाळवीने खाल्ल्या आहेत, काहींवर मशीनच्या तेलाने माखलेल्या अंगठ्याचे ठसे आहेत, आणि समासात बारीक तेलुगू अक्षरांत सुताचा नंबर व रंगांच्या छटा लिहिलेल्या आहेत. ज्यांनी ते लिहिले त्यांच्यातले बरेच जण आज हयात नाहीत. कारखान्याच्या मालकांची इच्छा होती की हे सगळे स्कॅन व्हावे आणि पुढच्या पिढीच्या हाती लागावे. स्कॅन करणे हे कष्टाचे पण सरळ काम आहे. ते ठेवायचे कशावर, हा खरा विचार करण्याचा भाग होता.

आधी हिशोब केला. समासातली पेन्सिलीची अक्षरे नीट वाचता यायची तर 600 डीपीआयने, म्हणजे इंचाला 600 ठिपके घेऊन, स्कॅन करावे लागते. ए-फोर आकाराचा कागद या मापाने रंगीत स्कॅन केला की साधारण 4,960 गुणिले 7,016 ठिपके होतात, प्रत्येक ठिपक्याला 3 बाइट, म्हणजे आकार कमी न केलेली ‘टिफ’ प्रकारची चित्रफाइल सुमारे 104 एमबीची होते. ए-थ्री कागदाला त्याच्या दुप्पट. असे हजार मोठे कागद धरले तरी 210 जीबीच्या आसपासच जागा लागते. एवढ्याशा हिशोबाने डोक्यावरचे निम्मे ओझे उतरले, कारण बाजारात आज मोठ्या डिस्क दिसतात म्हणून आपल्यालाही तेवढी मोठी लागेल, हा समज त्याने गेला. ज्यांच्याकडे व्हिडिओ आहेत त्यांचा हिशोब अर्थातच वेगळा येईल, पण तो मांडल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नये. जागा मोजताना एवढे लक्षात ठेवावे की कंपनी एक टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट मोजते आणि विंडोज तीच जागा 1,024 च्या पटीने मोजून 931 जीबी दाखवते. यात कोणी फसवत नाही.

आता कंपनीचा प्रश्न. 1956 साली आयबीएमने पहिली हार्ड डिस्क आणली, तेव्हा तिच्यात 24 इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि एवढ्या अवजड यंत्रात मावत होती जेमतेम पन्नास लाख अक्षरे, म्हणजे आजच्या हिशोबाने आपले एक छायाचित्र. त्यानंतर या धंद्यात कितीतरी नावे आली आणि एकमेकांत विलीन झाली. सीगेटने 2006 मध्ये मॅक्सटर आणि 2011 मध्ये सॅमसंगचा हार्ड डिस्कचा व्यवसाय घेतला, वेस्टर्न डिजिटलने 2012 मध्ये हिताचीचा घेतला. आज जगात फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या तीनच उरल्या आहेत : सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. बाहेरच्या डब्यावर दुसरे कुठले नाव दिसले तरी आतली डिस्क या तिघांपैकीच कोणाची तरी असते. तिन्ही कंपन्यांची काही मॉडेल उत्तम निघाली आहेत आणि काही वाईट. बॅकब्लेझ नावाची अमेरिकन कंपनी आपल्याकडच्या लाखो डिस्कपैकी कोणत्या मॉडेलच्या किती बिघडल्या याची आकडेवारी गेली अनेक वर्षे खुली करते आहे; ती सलग वाचली की एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत केवढे अंतर असते ते दिसते. म्हणून ‘अमुक कंपनीची कधीच घेऊ नका’ हे वाक्य मी मनावर घेत नाही. एखाद्याची एक डिस्क बिघडली यावरून त्याच्या दुःखाची खोली समजते, कंपनीचा दर्जा समजत नाही.

खोक्यावर किंवा माहितीपत्रकात सरासरी आयुष्य म्हणून जो दहा लाख तासांचा आकडा असतो, त्याचा अर्थही असाच समजून घ्यावा लागतो. दहा लाख तास म्हणजे 114 वर्षे. एवढी एक डिस्क चालेल असे कोणीही म्हणत नाही. अशा शंभर डिस्क वर्षभर अखंड चालवल्या तर त्यांतली साधारण एक जाईल, एवढाच त्याचा आशय आहे. ती एक आपली असू शकते. आत जे चालते ते पाहिले तर ती चालते याचेच खरे तर नवल वाटावे : तबकडी मिनिटाला 5,400 किंवा 7,200 फेरे घेते आणि वाचणारे टोक तिच्या पृष्ठभागापासून अवघ्या काही नॅनोमीटरवर तरंगत असते. या अंतरात सिगारेटच्या धुराचा कणसुद्धा मावत नाही.

कंपनीपेक्षा ज्या गोष्टीकडे जास्त बारकाईने पाहायला हवे, ती म्हणजे डिस्कवर लिहिण्याची पद्धत. जुनी, सरळ पद्धत सीएमआर नावाने ओळखली जाते. तिच्यात तबकडीवरचे मार्ग एकमेकांशेजारी स्वतंत्र असतात. दुसरी एसएमआर. तिच्यात कमी जागेत जास्त माहिती मावावी म्हणून हे मार्ग छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात. नव्याने ओळीने लिहीत गेले तर अडचण येत नाही. मात्र मधलाच एखादा मार्ग बदलायचा झाला तर त्याच्यावर चढलेले पुढचे मार्गही पुन्हा लिहावे लागतात. हे काम लपवण्यासाठी डिस्कमध्ये थोडी राखीव जागा असते, आधी तिथे लिहून घेतले जाते आणि सवडीने मूळ जागी हलवले जाते. ती राखीव जागा भरली, की सुरुवातीला झपाट्याने होणारी कॉपी अचानक रांगू लागते आणि माणसाला वाटते डिस्क बिघडली. ती बिघडलेली नसते.

2020 साली या विषयावर जगभर मोठा वाद झाला, कारण नेटवर्क स्टोरेजसाठी, म्हणजे अनेक संगणकांना नेटवर्कवरून वापरता येणाऱ्या डिस्कच्या पेटीसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डिस्क एसएमआर होत्या आणि ते खरेदीदारांना स्पष्ट सांगितलेले नव्हते. अनेक डिस्क एकत्र जोडलेल्या पेटीत एक डिस्क बदलल्यावर नव्या डिस्कवर दीर्घकाळ अखंड लिहावे लागते, आणि नेमके तिथेच एसएमआर कमी पडते. त्यानंतर कंपन्यांनी कोणते मॉडेल कोणत्या पद्धतीचे आहे याच्या याद्या आपापल्या संकेतस्थळांवर दिल्या. वेस्टर्न डिजिटलच्या ‘रेड’ मालिकेतून ‘रेड प्लस’ हे वेगळे नाव निघाले, ते सीएमआरसाठी. सीगेटच्या ‘आयर्नवुल्फ’ डिस्क सीएमआर आहेत. खिशात मावणाऱ्या, एक केबल लावली की चालणाऱ्या अडीच इंची डिस्क मात्र एक टीबीपासून पुढे बहुतेक सगळ्या एसएमआरच असतात. एकदा लिहून कपाटात ठेवायच्या प्रतीसाठी मला ते चालते. रोज ज्या डिस्कवर फाइली उघडायच्या, बदलायच्या आणि पुन्हा साठवायच्या, तिच्यासाठी साडेतीन इंची सीएमआर डिस्क घ्यावी, हा माझा आग्रह आहे, मग तिला वेगळा अडॅप्टर लागला तरी चालेल.

नवी पेठेत किंवा शहरातल्या कुठल्याही संगणकाच्या दुकानात गेलात तर तयार मिळणाऱ्या साडेतीन इंची डिस्कमध्ये सीसीटीव्हीसाठी बनवलेल्या डिस्कचा भरणा जास्त दिसेल, कारण गावात खप त्यांचाच आहे. ‘हीच घ्या की, दुसरी मागवायला चार दिवस जातील,’ असे दुकानदार म्हणतात आणि त्यात त्यांचा काही लबाडीचा हेतू नसतो. या डिस्क साध्या संगणकाला जोडून बॅकअपसाठी वापरता येतात. त्यांची जडणघडण दिवसरात्र सलग लिहिण्यासाठी केलेली असते, एवढेच. तरीही चार दिवस थांबण्याची माझी तयारी असते. ज्या वस्तूवर कोणाच्या आजोबांचे हस्ताक्षर राहणार आहे, तिच्यासाठी चार दिवस फार नाहीत.

दुकानातून घ्यावी की ऑनलाइन, याबाबत माझा कल दुकानाकडे आहे. नाव-गाव असलेले बिल मिळते, बदलून घ्यायला माणूस समोर असतो, आणि वस्तू हवेच्या पिशव्यांविना एका सैल खोक्यात आदळत येत नाही. पण दुकान असो वा ऑनलाइन, काही तपासण्या आपणच कराव्यात. डिस्कवरचा अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की तिची वॉरंटी भारतात आणि कोणत्या तारखेपर्यंत आहे ते कळते. साध्या डिस्कना बहुधा दोन वर्षे, नेटवर्क स्टोरेजच्या डिस्कना तीन आणि मोठ्या सर्व्हरसाठीच्या डिस्कना पाच वर्षे असतात. अनुक्रमांकाची नोंदच सापडली नाही किंवा मुदत आधीच अर्धी सरलेली दिसली, तर ती डिस्क परत करावी. घरी आणल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅमने ती किती तास चाललेली आहे ते पाहावे. नव्या डिस्कवर हा आकडा शून्याच्या आसपास हवा. मात्र 2025 च्या सुरुवातीला युरोपात असे उघड झाले की डेटा सेंटरमधून निघालेल्या, हजारो तास वापरलेल्या सीगेटच्या डिस्कचा हा आकडा पुसून त्या नव्या म्हणून विकल्या जात होत्या. डिस्कमध्येच असलेल्या ‘फार्म’ नावाच्या दुसऱ्या नोंदीने ते पकडले गेले, कारण ती नोंद कोणी पुसलेली नव्हती. स्मार्टमोनटूल्स या मोफत प्रोग्रॅमच्या अलीकडच्या आवृत्त्यांत ही नोंद वाचता येते. शेवटी, महत्त्वाचे काही ठेवण्याआधी संपूर्ण डिस्क एकदा भरून परत वाचून पाहावी. चार टीबीच्या डिस्कला सेकंदाला 120 एमबीचा वेग धरला तरी नुसते भरायलाच नऊ तासांच्या वर लागतात, तेव्हा हे काम रात्री लावून द्यावे. आणि कवडीमोल किमतीत सोळा टीबी देऊ करणाऱ्या चिमुकल्या डिस्कच्या जाहिराती दिसतात, त्यांच्या वाटेला जाऊ नये. आतले छोटे मेमरी कार्ड मोठी जागा असल्याची बतावणी करते आणि जागा संपली की जुन्यावरच नवे लिहीत सुटते.

आता आपल्या हवेबद्दल. सोलापूरचा मे महिना कोणाला सांगायला नको. सावलीतला पारा चाळीसच्या वर चढतो आणि पत्र्याच्या शेडमध्ये तर विचारूच नये. उन्हाळ्याने हार्ड डिस्क जाते असे सर्रास म्हटले जाते, पण गूगलने 2007 साली एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात तापमान आणि बिघाड यांचे नाते लोक समजत होते तितके घट्ट आढळले नाही. अगदी वरच्या तापमानात आणि वय झालेल्या डिस्कच्या बाबतीतच त्याचा परिणाम ठळक दिसला. त्याच अभ्यासात दुसरी, जास्त महत्त्वाची गोष्ट आढळली : तपासणीत पहिली वाचनचूक सापडल्यानंतरच्या साठ दिवसांत डिस्क जाण्याची शक्यता, चूक न सापडलेल्या डिस्कच्या मानाने 39 पट होती. म्हणून क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये बदललेले किंवा प्रलंबित सेक्टर (डिस्कवरचे माहितीचे छोटे कप्पे) शून्यावरून वर सरकलेले दिसले, की आणखी वाट न पाहता त्या दिवशीच प्रत काढून डिस्क बदलावी. उलट बाजूही ध्यानात ठेवावी : बिघडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून जास्त डिस्कनी अशी कुठलीही ठळक सूचना आधी दिलेली नव्हती.

उष्णतेचा खरा धोका मला एसएसडीबाबत, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या, चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कबाबत वाटतो. एसएसडी वेगवान आहे, पडली तरी सहसा काही होत नाही, म्हणून कपाटात ठेवायच्या प्रतीसाठीही लोक तीच घेतात. पण तिच्यात माहिती विद्युतभाराच्या रूपात असते आणि तो भार हळूहळू झिरपतो. जेडेक या संस्थेच्या मानकानुसार, लिहिण्याची ठरलेली मर्यादा पूर्ण वापरून झालेल्या साध्या एसएसडीने वीज न देता 30 अंशांवर एक वर्ष माहिती टिकवावी, एवढीच अपेक्षा आहे. तापमान वाढले की ही मुदत घटते. नव्या, कमी वापरलेल्या एसएसडीत ती यापेक्षा बरीच जास्त असते हे खरे. तरी सोलापुरातल्या लोखंडी कपाटात वर्षानुवर्षे पडून राहणाऱ्या प्रतीसाठी मी फिरत्या तबकडीचीच डिस्क निवडेन.

वीज जाण्याचेही तसेच. लाइट गेली की डिस्क फिरत्या तबकडीच्या उरलेल्या वेगातूनच वीज निर्माण करून आपले टोक सुरक्षित जागी नेऊन ठेवते, तेव्हा ती यंत्र म्हणून बहुधा वाचते. अर्धवट लिहिलेली फाइल मात्र वाचत नाही. म्हणून कॉपी चालू असताना संगणक यूपीएसवर हवा, आणि केवळ विंडोजवर वापरायची डिस्क एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट करावी, कारण एक्सफॅट या दुसऱ्या पद्धतीत अर्धवट राहिलेल्या लिखाणातून सावरण्याची सोय नाही. कारखान्यात आणखी एक शत्रू असतो, तो म्हणजे सुताचा उडणारा बारीक तंतू. तो पंख्यांच्या जाळीत बसतो आणि महिन्याभरात हवा अडवतो. संगणक मागांच्या खोलीत न ठेवता ऑफिसात ठेवण्याची विनंती मी मालकांना केली आणि त्यांनी ती लगेच मान्य केली.

एवढे सगळे करूनही कोणतीही एक डिस्क कधीतरी जाणारच, आणि म्हणूनच माझे म्हणणे असे आहे की चांगली एक घेण्यात जो पैसा घालायचा, तो साध्या दोन घेण्यात घालावा. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केलेला नियम आता सर्वमान्य आहे : माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी. कारखान्यात आम्ही तो असा बसवला. रोजच्या कामाची प्रत संगणकातल्या साडेतीन इंची डिस्कवर. दुसरी प्रत वेगळ्या कंपनीच्या अडीच इंची डिस्कवर, जी कॉपी झाली की केबल काढून कपाटात जाते. आणि तिसरी प्रत पुण्याला, मालकांच्या धाकट्या मुलाकडे. दोन कंपन्या मुद्दाम घेतल्या, कारण एकाच वेळी घेतलेल्या एकाच मॉडेलच्या डिस्क एकाच दोषाने जवळजवळ एकाच सुमारास जाऊ शकतात. केबल काढून ठेवण्याला माझ्या लेखी फार महत्त्व आहे. मे 2017 मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने जगभरचे संगणक कुलूपबंद केले तेव्हा जोडलेल्या बॅकअप डिस्कही त्यासोबत बंद झाल्या होत्या. जी डिस्क जोडलेलीच नाही, तिच्यापर्यंत कोणताही व्हायरस पोचत नाही. याच कारणाने रेड-1 (RAID; वरच्या ‘रेड’ मालिकेशी संबंध नाही), म्हणजे दोन डिस्कवर एकाच वेळी तेच लिहिण्याची सोय, ही बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल तिथे दोन्हीकडून एकाच क्षणी जाते.

पुण्याची प्रत इंटरनेटवरून पाठवता आली असती. पण दोनशे जीबी 10 एमबीपीएसच्या वेगाने वर चढवायला सलग 44 तास लागतात, आणि तेवढा वेळ वीज, इंटरनेट आणि संगणक या तिघांनीही साथ देणे कठीण. सोलापूरच्या घराघरातले कोणी ना कोणी पुण्यात असतेच. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने जाणाऱ्या माणसाच्या पिशवीत, कपड्यांच्या मधोमध गुंडाळलेली डिस्क दुपारच्या आत पोचते. पिशवी हातातच ठेवावी आणि पुण्यात उतरल्यावर, हवेत फरक पडलेला असू शकतो म्हणून, डिस्क अर्धा तास तशीच राहू द्यावी, मग जोडावी.

प्रत पोचली म्हणजे ती नीट आहे असे होत नाही. प्रत्येक फाइलचा एसएचए-256 पद्धतीने काढलेला ठसा आम्ही एका साध्या मजकूर फाइलमध्ये ठेवला आहे. फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी हा ठसा पार वेगळा येतो, त्यामुळे तिन्ही ठिकाणच्या प्रती एकसारख्या आहेत की नाही हे नजरेवर सोडावे लागत नाही. वर्षातून दोनदा, उन्हाळ्याआधी आणि दिवाळीनंतर, ठसे पडताळायचे असे ठरले आहे. पडताळणीच्या निमित्ताने डिस्क फिरतेही. वर्षानुवर्षे न फिरवलेल्या डिस्कचा भरवसा मी धरत नाही.

कारखान्याचे हिशोब मालकांच्या सूनबाई पाहतात. डिस्क कशी जोडायची, फाइल कशी उघडायची आणि ठसे कसे पडताळायचे हे मराठीत एका कागदावर लिहून मी त्यांना दिले आणि त्या कागदावरून, मी बाजूला बसलेलो असताना एक शब्दही न विचारता, त्यांनी सगळे करून दाखवले. मग त्यांनी विचारले, ‘फाइलींना नुसते आकडे आहेत. कुठली फाइल कुठल्या चादरीची, हे कसं कळायचं?’ प्रश्न अगदी योग्य होता आणि त्याचे उत्तर कुठल्याच डिस्कमध्ये नव्हते. डिझाइनची नावे ज्यांना तोंडपाठ आहेत असे दोन जुने कारागीर अजून कामावर येतात. सध्या दर शनिवारी दुपारी ते पडद्यावर एकेक कागद पाहतात, समासातले तेलुगू वाचून दाखवतात, डिझाइनचे नाव आणि ते कोणासाठी काढले होते ते सांगतात, आणि सूनबाई ते मराठीत टंकून घेतात. ही यादी काही किलोबाइटचीच आहे. ती तिन्ही डिस्कवर जाते, आणि तिची छापील प्रत वहीखात्यांच्या कपाटात लावली जाते. अजून निम्म्याहून जास्त कागद व्हायचे आहेत, आणि दोघांपैकी मोठे कारागीर दिवाळीला निवृत्त होणार आहेत, म्हणून पुढच्या आठवड्यापासून बुधवारीही बसायचे ठरले आहे.